ड्रममधली वाळू

आमच्याकडे अंधेरीला सेकंडहँड मोटार आली, तेव्हा माझ्या आईने एकच गोष्ट मागितली. ती मुलुंडला माझ्या भावाकडे असायची. खुबा मोडल्यापासून खोलीबाहेर पडली नव्हती. मालवणकडची बाई, सगळा जन्म किनाऱ्यावर गेला, आणि आता खिडकीतून दिसायची ती समोरच्या बिल्डिंगची मोरी. मला म्हणाली, "एकदा दर्या दाखव गो माका. पाय बुडवूया फक्त." बसमध्ये तिला चढवणं शक्यच नव्हतं. आमचे हे म्हणाले, "त्यात काय, जुहूला नेऊ. रविवारी सकाळी नऊला मोटार घेऊन येतो."

मी शनिवारीच मुलुंडला जाऊन राहिले. रविवारी आई सातपासून ठेवणीतलं लुगडं नेसून पलंगावर बसली. नऊ वाजले, अकरा वाजले. जेवण झालं तरी आडवी होईना, लुगडं चुरगळेल म्हणून. दिवेलागणीला हे आले, हात हलवत, ट्रेनने. "ब्रेकचं काम निघालं. मरोळच्या गॅरेजमध्ये टाकावी लागली." आई उलट त्यांचीच समजूत घालायला लागली, "असूंदे, जावयबापू. तुमका किती ती दगदग!"

त्यानंतरचा रविवार पाहुण्यांत गेला. त्याच्या पुढच्या रविवारी मी मुलुंडला निरोप धाडला की आज नक्की येतो, आणि खाली येऊन बघते तर मोटार जागची हलेना. इंजिन घुरघुरतंय, पण मागचं डावं चाक फिरायलाच तयार नाही.

"अहो, आत्ताच ना ब्रेकचं काम करून आणलं?"

"लबाड असतात गं हे गॅरेजवाले. काही केलं नाही मेल्याने."

मी लगेच विश्वास ठेवला. कंपाउंडमध्ये उभी राहून त्या न बघितलेल्या माणसाला मोठ्याने शिव्या घातल्या. म्हटलं, म्हातारीचे तळतळाट लागतील त्याला!

दीर आमच्याकडेच राहायचे. दोघा भावांनी ठरवलं, घरीच खोलायचं. बाकीच्या चाकांना विटा लावल्या, जॅक लावून मोटार उचलली, चाक काढलं. चाकाच्या मागे पालथ्या पातेल्यासारखा लोखंडी ड्रम असतो, त्याच्या आत ब्रेकचे पट्टे. तो ड्रम ओढला की निघतो म्हणे. कसला निघतोय! हातोडीचे घाव सुरू झाले. सगळी बिल्डिंग गॅलरीत. दुसऱ्या मजल्यावरचे काका ओरडले, "काय रे, भंगारात घालायची असेल तर तसं सांगा ना, भंगारवाल्याला हाक मारतो!"

मी चहा घेऊन गेले. फडकं शोधायला मोटारीत वाकले, तर काय! "अहो, हा हातब्रेकचा दांडा वर ओढलेलाच आहे की!"

म्हणजे सकाळपासून आतून पकडलेला ड्रम दोघं बाहेरून बडवत होते. दीर पोट धरून हसले. "दादा, तू बाजूला हो. वहिनींना मेकॅनिक ठेव."

दांडा खाली केला तरी ड्रम ढिम्म. तो दांडा ओढलेलाच राहून आत गंज धरला होता. पण तेव्हापासून माझं ऐकायला लागले. मी म्हटलं, स्टोव्हचा गंजलेला स्क्रू आपण कसा काढतो? सांध्यात रॉकेल सोडा आणि आधी जेवून घ्या. जेवणानंतर ह्यांनी मागच्या बाजूचा नट फिरवून पट्टे आत घेतले. मी कपड्यांचं धोपाटणं ड्रमच्या कडेला धरलं आणि दिरांना सांगितलं, एका जागी मारू नका, गोल फिरत हळूहळू मारा. आठ-दहा फेऱ्या झाल्या असतील. ड्रम हलला, कुरकुरला आणि एकदम ह्यांच्या मांडीवर आला. मी टाळ्या पिटल्या. म्हटलं, आज नाही तर पुढच्या रविवारी आई जुहूला!

ड्रममधून तांबडा गंज सांडला, आणि त्याच्याबरोबर वाळू. ओंजळभर, गठ्ठा झालेली. मी चिमटीत घेतली. शिंपल्यांचा चुरा होता त्यात.

"ही वाळू कुठली हो?"

"रस्त्यावरची. रस्त्यावर काय कमी माती असते?"

ह्यांनी मला काय सांगितलं होतं ते दिरांना माहीतच नव्हतं. ते आपले खुशीत म्हणाले, "अहो वहिनी, जुहूची! तुम्ही मुलुंडला गेला होतात ना त्या रविवारी? दादाच्या ऑफिसातली मंडळी आली होती. दादाने पाण्यातून अशी झकास पळवली मोटार, दोन्ही बाजूंना फवारे!"

"तू गप रे," हे म्हणाले.

मी धोपाटणं खाली ठेवलं. तेव्हा हे म्हणाले, "मंडळींनी आग्रह केला गं. आणि म्हातारीचं काय, समुद्र कुठे पळून जातोय?"

समुद्र नव्हता पळून जात. ज्या वेळी माझी आई लुगडं चुरगळू नये म्हणून ताठ बसली होती, त्याच वेळी हे तिच्या समुद्रातून फवारे उडवत होते. वर मी त्या गॅरेजवाल्याला आईचे तळतळाट दिले होते. भांडले नाही मी. भांडले असते तर मोटार मुलुंडला गेली नसती, एवढाच विचार केला.

पुढच्या रविवारी खरंच गेलो. आईला पुढे बसवलं. सगळा रस्ता ती ह्यांना आशीर्वाद देत होती आणि मी मागे बसून ऐकत होते. जुहूला डांबरी रस्ता संपतो तिथे ह्यांनी मोटार थांबवली. पाणी लांब होतं. वाळूतून आईला चालवणं काही जमणार नव्हतं.

आई म्हणाली, "जावयबापू, मोटार पाण्यापर्यंत नाय जात?"

"नाही हो आई. खारं पाणी लागलं की ब्रेक धरतात."

आईने मागे वळून माझ्याकडे बघितलं. चेहरा कौतुकाने भरलेला. "बघ गो," म्हणाली, "किती जपतत सगळ्याक!"

मी दार उघडून उतरले आणि चपला हातात घेऊन पाण्याकडे चालायला लागले. पिण्याच्या पाण्याचा तांब्या बरोबर होता, तो वाटेतच वाळूवर रिकामा केला. मागून ह्यांचा आवाज आला, "ए, ते खारं पाणी गाडीत नको हं सांडूस!"

मी भरलेला तांब्या आणला आणि आईचे पाय दाराबाहेर काढून त्यांच्यावर हळूहळू ओतला. ह्यांच्याकडे बघितलं नाही. त्या दिवशी तर नाहीच, आणि त्यानंतरही बरेच दिवस नीट असं बघितलं नाही.