कूलरमधली खुडूक

कूलरच्या नव्या खसाचा ओला वास आला की मला मानोऱ्याजवळच्या सासरचा, लग्नानंतरचा पहिला उन्हाळा आठवतो. कूलर सुरू करायला मागची, एका बाजूने निसटलेली जाळी काढली, तर कोरड्या टाकीत सासूबाईंची कोंबडी अंड्यांवर खुडूक बसलेली. मी तिला उचलायला गेले तशा सासूबाई म्हणाल्या, "नोको उठवू तिले. अंडे वाया जातीन." "मंग आमी गर्मीत मरावं काय?" नवऱ्याने विचारलं. "अंगणात झोपा," त्या शांतपणे म्हणाल्या. वरचे पत्रे नुसते तापायचे, पदर घामाने भिजायचा, आणि वर त्या खुडूक बयेचं दाणापाणी माझ्याच गळ्यात पडलं. ती आपणहून उठतच नसे. रोज तिला उचलून बाहेर काढावं लागे, आणि रोज ती माझ्या मनगटाला टोचे. चार दाणे टिपले की धावत परत टाकीत. मी तिला तोंडावर शिव्या द्यायचे. शेवटी एकदाची पिल्लं निघाली आणि नवरा लगेच टाकी भरायला पाण्याचा पाइप घेऊन आला. "थांबा," मी म्हणाले, "एका अंड्यातलं पिल्लू आतून टोचून राह्यलं." तो माझ्याकडे बघतच राहिला. मलाही माझाच राग आला, पण पाइप मी त्याच्या हातातून काढून घेतला. अजूनही उन्हाळ्यात लाइट जाऊन कूलर बंद पडला की त्या वर्षीच्या गर्मीबद्दल तो त्या कोंबडीला नाही, मलाच बोल लावतो.