सदाफुलीची पानं

काल शेजारच्या गॅलरीत कुणीतरी सदाफुली छाटली आणि तो कडवट, हिरवा वास आला. त्या दिवशीही तोच वास माझ्या हाताला होता. अंधेरीच्या लॅबमध्ये मी दुपारभर सदाफुलीच्या पानातल्या एका एन्झाइमवर काम करत होते. हे एन्झाइम पेशीच्या केंद्रकात असतं आणि त्याला लागणारा, साखर चिकटलेला रेणू दुसऱ्या कप्प्यात. किड्याने पान चावलं की मधली भिंत फुटते, रेणू एन्झाइमच्या खाचेत जाऊन बसतो, साखर तुटते आणि जे उरतं ते किड्याला विष ठरतं. झाडाचे कितीतरी अल्कलॉइड, म्हणजे माणसालाही बाधू शकणारी कडू रसायनं, पुढे त्यातूनच बनतात. संध्याकाळी मुलुंडला घरी आले, तर बाबा गॅलरीच्या ग्रिलपाशी उभे राहून काहीतरी सावकाश चघळत होते. ओठाच्या कोपऱ्यात हिरवं पाणी होतं आणि कुंडीतल्या सदाफुलीचे शेंडे बोडके झाले होते. “बाबा, थुंका ते,” मी त्यांच्या तोंडाखाली हात धरला. “अगं, शुगरला चांगलं असतं. दिवाळीपासून खातोय,” ते म्हणाले. “आणि तुझंच झाड आहे ना? ह्यातून कॅन्सरचं औषध काढतात, तूच सांगतेस सगळ्यांना.” मी काही बोलायच्या आत, माझ्याकडे कौतुकाने बघत, त्यांनी तो घास गिळला. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला, कुंडी मी त्याच आठवड्यात रिकामी केली. तरी अजूनही बाबांचा जबडा हलताना दिसला, की माझी नजर आधी त्यांच्या ओठांच्या कोपऱ्याकडे जाते.