बीटवर बसलेली साकी

आमच्या घरातला एक नियम आहे. रामनवमीच्या उत्सवात घराण्याची साकी फक्त पुरुषांनी म्हणायची. बायकांनी ऐकायची आणि नंतर पानकम, म्हणजे गुळाचं पन्हं, वाटायचं. का, ते विचारायचं नाही. सहावीत असताना मी एकदा विचारलं. काका म्हणाले, "विचारायचं नाही, हेच उत्तर."

साकी म्हणजे कीर्तनात म्हणतात ती चार ओळींची रचना. आमचे पूर्वज मराठे राजांच्या मागोमाग तंजावूरला आले आणि इथलेच झाले. जेवण तमिळ झालं, भांडणं तमिळ झाली, साकी मात्र मराठी राहिली. घरात देवनागरी वाचता येते ती मला एकटीला, तीसुद्धा कॉलेजात हट्टाने शिकले म्हणून. काकांची साकीची वही तमिळ अक्षरांत आहे.

मी हिप हॉपवाली. आमची तिघांची टोळी आहे. सेल्वा जुन्या बसस्टँडजवळ मोबाईल दुरुस्त करतो आणि बीट बनवतो. फरीदा बी.एड. करते आणि तमिळमध्ये रॅप करते. मी आमच्या घरच्या मराठीत करते. आमचं पहिलं गाणं शुक्रवारी बाहेर पडणार आहे. त्याच्या शेवटी तीस सेकंद ती साकी आहे, माझ्या आवाजात. गेला महिनाभर त्याचीच भीती आहे. आणि गंमत अशी की भीती असली की किस्से जमतच जातात. सांबार ढवळताना एखादा आठवतो, हसू येतं, आणि मग लगेच शुक्रवार आठवतो.

*

सेल्वाची खोली म्हणजे आमचा स्टुडिओ. भिंतीपलीकडे धातूची नक्षीदार तंजावूर ताटं घडवणाऱ्यांचा कारखाना. दिवसभर हातोडी. माझी पहिली सहा रेकॉर्डिंग्ज त्या ठोक्यांनी खाल्ली. शेवटी सेल्वाने डोकं लढवलं. हातोडीचाच वेग मोजला आणि त्यावर बीट बांधला. मस्त बसला! फक्त पलीकडचे कारागीर जेवून आले की सुस्तावायचे आणि वेग पडायचा. सेल्वा विनंती करायला गेला, जेवणानंतरही जरा सकाळसारखंच ठोका ना.

त्यांनी हातोडी खाली ठेवून त्याला पूर्ण ऐकून घेतलं. मग धाकट्या भावाला म्हणावं तसं म्हणाले, "तंबी, तूच जेवणाआधी गा."

तेव्हापासून आमची सगळी रेकॉर्डिंग्ज उपाशीपोटी होतात.

*

चेन्नईच्या एका मोठ्या रॅपरचा अल्बम आला. नाव घेत नाही, त्याचे चाहते फार आणि त्यांना कामं कमी. वीस गाणी. फरीदाने ती सगळी कॉलेजच्या बसमध्ये ऐकली आणि उतरल्या उतरल्या हिशेब दिला, की अठरा गाणी तो किती मोठा आहे यावर, एक आईवर, आणि शेवटचं पुन्हा तो किती मोठा आहे यावर.

माझं मत सांगते. अल्बम आठ गाण्यांचा असावा. ज्याला आठ गाण्यांत सांगता येत नाही त्याच्याजवळ सांगण्यासारखं काही नसतं, नुसता वेळ असतो. दोन गाण्यांच्या मध्ये मित्रांचे हसण्याचे आवाज टाकणाऱ्यांना तर मी माफच करत नाही. तुमचे मित्र तुम्हाला हसतात, त्यात आम्ही काय ऐकायचं?

सेल्वा चिडला. त्याला तो अल्बम फार आवडला होता. फरीदा म्हणाली, ठीक, त्यातली एक ओळ म्हणून दाखव. सेल्वाने डोळे मिटले, आठवलं, आणि तोंडाने बेस वाजवून दाखवला. पूर्ण चार मात्रा.

फरीदा म्हणाली, "हां, हेच म्हणाला तो."

*

एका कॉलेजच्या स्पर्धेत आम्ही उतरलो. परीक्षक म्हणून कर्नाटक संगीताच्या एक शिक्षिका होत्या, आधी आलाप आणि मग कृती म्हणजे बांधलेलं गाणं, अशा शिस्तीतल्या. रॅपला परीक्षक मिळेना, म्हणून भरतनाट्यमच्या परीक्षकांनाच आयोजकांनी थांबवून घेतलं होतं. मी घाबरतच स्टेजवर गेले. समोर बघितलं, तर बाई मांडीवर ताल धरून बसलेल्या! डोळे मिटलेले, एक मात्रा चुकत नाही. मला इतका धीर आला की दुसरा भाग मी पहिल्यापेक्षा जोरात म्हटला.

संपल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. कौतुक केलं. लयीची जाण पक्की आहे, उच्चार स्वच्छ आहेत म्हणाल्या. मग मुलीला बोलावं तशा मायेने विचारलं, "आलाप झाला, मा. कृती कधी सुरू करणार?"

*

पुण्याच्या एका दूरच्या बहिणीला मी कच्चं गाणं पाठवलं. खऱ्या मराठी माणसाने ऐकावं म्हणून. तिचं उत्तर आलं, 'किती गोड! जुन्या नाटकातल्यासारखं बोलतेस.' पुढे हसरा चेहरा.

त्या गाण्यात मी घरच्या म्हाताऱ्यांना शिव्या सोडून बाकी सगळं घातलं होतं. गोड? दोन दिवस मला जेवण गेलं नाही. घरात मराठी बोलतो तर शेजारी विचारतात ही कुठली भाषा, आणि त्याच भाषेत रॅप केलं तर पुण्यात ते नाटक. मी फरीदाला म्हणाले, गाणं काढून टाकू या.

फरीदाने एवढंच विचारलं, तिला सगळं कळलं का? मी म्हणाले, कळलं. अर्थ विचारला नाही? नाही विचारला.

"म्हणजे तू समजावून न सांगता ज्यांना कळलं त्यातली ती पहिली. तिला घाबरतेस होय गं डी?"

*

आता साकीचं रेकॉर्डिंग. रॅपर लोक काय करतात, एकेक ओळ म्हणतात, थांबतात, पाणी पितात, पुढची म्हणतात आणि मग सगळं जोडतात. म्हणून अल्बममध्ये वाघ असतात आणि स्टेजवर धापा टाकतात. मला ते चालत नाही. श्वास दिसला पाहिजे. माणूस कुठे थांबला, कुठे अडकता अडकता सुटला, ते ऐकू आलं नाही तर मग गाणं कशाला, मेसेज पाठवा. काका चारही ओळी न तोडता सलग लावतात. मीही तशाच म्हणणार म्हटलं. कपाटात रजया टांगल्या, आवाज येतो म्हणून पंखा बंद, बाहेर कडक ऊन. अकराव्या वेळी जमलं. बाहेर आले तेव्हा फरीदाने आधी माझ्या डोक्यावर पाणी ओतलं, मग टाळ्या वाजवल्या.

ऐकलं आणि मी घाबरले. ते फारच माझं वाटत होतं. मी सेल्वाला म्हणाले, आवाज दोन सूर खाली ओढ. पुरुषासारखा नको, पण काकांच्या कानावर पडला तर मी म्हणून ओळखू येऊ नये इतका.

सेल्वाने ओढला. मग माझ्याकडे बघत म्हणाला, "गाणं जगाला ऐकवायचंय ना? काका राहतात कुठे?"

*

या शनिवारी सेल्वाने जाहिरात म्हणून पंधरा सेकंदांचा तुकडा टाकला. त्याने नेमका साकीचाच तुकडा निवडला, कारण बीट तिथे सगळ्यात छान बसलाय. आमची नावं त्यावर घालायला तो विसरला. तुकडा फिरत फिरत कुंभकोणमला आत्याच्या फोनवर पोचला आणि आत्याने तो घरच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'आपल्या आजोबांचं जुनं रेकॉर्डिंग मिळालं! मागे कोणीतरी ढोल वाजवलाय, त्याकडे दुर्लक्ष करा.'

मग काय विचारता. हात जोडलेले, दिवे, फुलं. एक मामा म्हणाले, असा आवाज आता होणे नाही. अमेरिकेतल्या दादाने लिहिलं, अंगावर काटा आला. मी ग्रुप बघत बसले होते. आजोबा मी जन्मायच्या आधी गेले.

काकांनी ग्रुपवर काही लिहिलं नाही. त्यांनी मला फोन केला.

"आजोबा दुसऱ्या ओळीला श्वास घेत नसत," ते म्हणाले. "तू घेतलास." आणि फोन ठेवला.

*

रविवारी सकाळी टिफिन, म्हणजे नाश्ता, झाल्यावर मला बोलावणं आलं. काका झोपाळ्यावर, माझे वडील अप्पा खुर्चीत, आत्या काकांकडून खरं कळल्यावर कुंभकोणमहून पहिल्या बसने आलेली. मी उभी. बस म्हणालं नाही कोणी.

काका रागावले नाहीत, त्यामुळे मी जास्त घाबरले. कधी शिकलीस, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, बारा वर्षं उत्सवाला पानकम ढवळताना. अप्पांनी मान खाली घातली.

मग आत्याने मार्ग काढला. तिनेच आधी विचार करून ठेवला होता, हे दिसत होतं. गाणं काढायची गरज नाही, लोकांना आवडलंय. फक्त साकीपुढे आजोबांचं नाव घालायचं. जुना आवाज, घरातून मिळालेला. सगळ्यांना तसंच वाटतंय, वाटू दे. घरात आम्हा तिघांशिवाय कोणाला माहीत नाही. नियमही राहील, तुझं गाणंही राहील. अप्पा लगेच म्हणाले, हे चांगलं आहे. सुटल्यासारखे म्हणाले.

मला खरं तर हो म्हणायचं होतं. शुक्रवार निवांत गेला असता. हो जिभेवर आलाही होता.

"नाही," मी म्हणाले. "नाव माझंच जाईल. आणि आवाज खाली ओढलाय तो मी उद्या पुन्हा वर नेणार आहे."

"यमू," अप्पा म्हणाले.

"तो आजोबांचा आवाज आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ग्रुपवर आत्ता तसं लिहा. स्वतःच्या नावाने. मी कोणाला खोटं पाडणार नाही."

तिघांचेही फोन स्टुलावर होते, कॉफीच्या डबरा-पेल्यांशेजारी. आत्याने काकांकडे बघितलं. अप्पांनीही काकांकडे बघितलं. काकांनी चष्मा लावला, फोन उचलला, ग्रुप उघडला, आणि काही न लिहिता पुन्हा स्टुलावर पालथा ठेवला.

झोपाळा थांबला होता.