गांडूळताईंच्या परसातली माती

प्रयोगशाळेत त्यांना सगळे गांडूळताई म्हणत आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. उलट कोणी नवं माणूस कामाला लागलं की त्या स्वतःच सांगत, "माझी लेकरं त्या कोपऱ्यातल्या डब्यांत आहेत. झाकणं आपटायची नाहीत."

काम म्हटलं तर साधं. कुठे टाकी फुटते, कुठे पाइप गळतो आणि तेल जमिनीत मुरतं. मातीत तेल किती हे यंत्र सांगतं. पण त्या मातीत जिवाला राहता येईल का, हे जिवालाच विचारावं लागतं. ताई एका लांबट पेटीत मधे पत्रा उभा करत. एका बाजूला तेलकट माती, दुसऱ्या बाजूला चांगली. मग पत्रा काढायचा, मधल्या रेघेवर गांडुळं सोडायची आणि झाकण लावायचं. दोन दिवसांनी पुन्हा पत्रा घालून बघायचं, कोण कुठे राहायला गेलं. गांडुळाला ना डोळे ना कान, पण घर बघण्यात ते माणसाला हार जायचं नाही, असं ताईंचं ठाम मत होतं.

एकदा एका कारखान्याच्या आवारातली माती तपासायला आली आणि नेमकी चांगली माती संपली. ती बाहेरून यायची, आणि गाडीचा पत्ता नव्हता. प्रयोगशाळेच्या मॅडम घायकुतीला आल्या. ताई म्हणाल्या, "एवढं काय त्यात! आमच्या परसातली आणते. सोनं आहे सोनं."

परस म्हणजे त्यांच्या यजमानांचं राज्य. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस, पण हृदयविकाराचा झटका आला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. बोलेना, धड जेवेना. ताईंनी समजावलं, चिडल्या, रडल्यासुद्धा. पालथ्या घड्यावर पाणी. मग शेजाऱ्याने सहज पालकाचं बी आणून दिलं आणि हा गृहस्थ उठला. आता पालक होता, मुळे होते, टोमॅटो होते, आणि चहाच्या आधी वाफ्यात फेरी होती. लेक कामावर गेली की दोन वर्षांची नात दिवसभर आजोबांच्या मागे. ती तिथली भाजी खाई, आणि कुणाचं लक्ष नसलं की तिथली मातीही खाई.

तर परसातली माती पेटीत गेली. दोन दिवसांनी उघडून बघतात तो गांडुळं दोन्हीकडे सारखी.

मॅडम हसल्या. "ताई, एक तर कारखान्याची माती चांगली आहे, नाहीतर तुमची वाईट आहे."

ताईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आमच्या मातीला नावं ठेवू नका हं! गांडुळंच आळशी निघाली असतील." पण कारखान्याच्या मातीला पेट्रोल पंपावर येतो तसला भपकारा होता, आणि आपली गांडुळं आळशी नाहीत हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? बाहेरची माती येऊन पडल्याबरोबर त्यांनी नवी पेटी लावली. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला घरची. म्हटलं, एकदा सगळ्यांची तोंडं बंद होऊ देत.

ते दोन दिवस ताई धड कुठे टेकल्या नाहीत. नातीला उचलून आत आणावं, की ती पुन्हा बाहेर. पुन्हा आणावं, पुन्हा बाहेर. संध्याकाळी पालक निवडायला घेतला आणि तसाच कचऱ्यात टाकला.

"काय केलंस हे?" यजमान दारातून ओरडले.

"खराब होता."

"माझा पालक? खराब?"

"अळी होती त्यात," ताई म्हणाल्या, आणि उगाचच ओटा पुसत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी झाकण काढलं. घरच्या मातीत एक गांडूळ नव्हतं. ताईंनी बोटांनी ती माती उकरून बघितली, ढेकळं फोडून बघितली. सगळी पलीकडे जाऊन एकमेकांत गुरफटून बसली होती.

तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला. घरच्या वाफ्यात इतक्या वेळा कुदळ पडलेली त्यांनी पाहिली होती, पण कधी एक गांडूळ वर आलेलं पाहिलं नव्हतं. आणि यजमान सुट्टीच्या दिवशी परसातच ट्रकचं ऑइल बदलत. निघालेलं काळं जळकं तेल, आता जिथे पालक होता, तिथेच ओतत. "माती सगळं पिते," म्हणत. ताई स्वतः कंदील, चिंध्या, साबण घेऊन बाजूला उभ्या असत. जगाची माती तपासणारी बाई, आणि दिव्याखाली हा असा अंधार! त्यांना स्वतःचा भयंकर राग आला. त्याहून मोठी होती ती भीती. सांगितलं तर माणूस पुन्हा भिंतीकडे वळेल. नाही सांगितलं तर पोर मातीत आहेच.

घरी पोचल्या आणि चपला न काढताच सांगून टाकलं.

यजमान आधी हसले. "गांडुळांनी सांगितलं?"

"हो."

"आणि तू ऐकलंस?"

"त्यांचंच ऐकून पगार घेते मी."

"अगं, पण पालक कसा आलाय बघ की जरा! हिरवागार!"

"अहो, हिरवा आहे म्हणून चांगला असतो का? तुम्हीच ओतलंय तिथे. मी बघत होते."

यजमान रात्री जेवले नाहीत. अंथरुणावर पडले ते भिंतीकडे तोंड करून.

सकाळी जाग आली तर अंथरूण रिकामं. त्या तशाच परसात धावल्या. सगळे वाफे उपटलेले होते, मुळे, पालक, टोमॅटोची झाडं यांचा ढीग कोपऱ्यात, आणि यजमान घामाघूम होऊन कुदळीवर टेकलेले.

"अहो, डॉक्टरांनी काय सांगितलंय तुम्हाला!"

त्यांनी मातीने भरलेली एक पिशवी पुढे केली. "ही तपास. आधी ही."

"कुठली आहे?"

त्यांनी भिंतीलगतच्या सपाट जागेकडे बोट दाखवलं. नातीच्या वाट्या, चमचे, मातीचे लाडू तिथे अजून तसेच पडले होते.

"ट्रक इथेच उभा असायचा, गळत," ते म्हणाले. "मी इथे काय काय लावून बघितलं गं. काहीच उगवलं नाही. म्हटलं, जाऊ दे, पोरीला बसायला तेवढीच मोकळी जागा."