दिल्लीकाकूचा भोईवाडा

पत्ता सांगताना दिल्लीकाकू आधी दिल्लीत शिरायची. "दादर म्हणजे आपलं करोलबाग. फक्त इथे माणसं कमी भांडतात." आमची भोईवाड्याची चाळ हसायची. ती खुशाल हसू द्यायची.

नवऱ्याच्या केंद्र सरकारी नोकरीपायी तिची निम्मी हयात दिल्लीत गेली. नवी असताना तिने रिक्षावाल्याला विचारलं होतं, "करोलबाग ईस्ट की वेस्ट?" तो म्हणाला, "बहनजी, बंबई से आयी हो क्या?" हा किस्सा ती स्वतःच रंगवून सांगायची. पण सरकारी वसाहतींचा विषय निघाला की आवाज चढायचा. तिथली घरं पगाराच्या दर्जाप्रमाणे. "पत्ता सांगितला की समोरची ठरवते, चहा द्यायचा की नुसतं पाणी. कसलं गो ते शहर!"

नवरा गेल्यावर ती सासऱ्यांच्या खोलीत परत आली. मग चाळीचा पुनर्विकास निघाला. बिल्डरचा माणूस नकाशा घेऊन अंगणात उभा राहिला. टॉवर होईपर्यंत सगळ्यांनी विरारला राहायचं, तात्पुरतं. आम्ही जवळजवळ कबूल होतो. नव्या घरात संडास आत असणार होता.

काकू उठली. "दिल्लीत आमच्या मागची वस्ती अशीच तात्पुरती यमुनेपलीकडे नेली. माझी कामवाली त्यातच गेली. पुन्हा दिसली नाही. तुमच्या विरारहून आम्हाला परत कोण आणणार?"

"आजी, सगळे तयार आहेत. तुम्ही एकट्याच अडवताय."

"एकटी तर एकटी. खोली माझ्या नावावर आहे. भोईवाड्यातच जागा बघ, मग बोल."

तिच्या शेजारी पहिली मी जाऊन उभी राहिले. माझी नोकरी परळला, मुलीची शाळा नायगावला. विरार मला परवडणारच नव्हतं. मग एकेक करून बाकीच्या आल्या. बिल्डरने वर्षभर ताणलं, धमकावलं, पेढेही पाठवले. काकूने पेढे परत केले. शेवटी पलीकडच्या गल्लीत रिकामी इमारत निघाली आणि आम्ही तिथे राहायला गेलो.

टॉवर अर्धा झाला असताना काकू त्या इमारतीतच वारली. ठाण्याहून आलेला तिचा मुलगा म्हणाला, "ठाण्याला नेऊ. तिकडे सोयीचं पडेल."

"कुणाच्या?" मी विचारलं.

भोईवाड्याचं स्मशान चालत जाण्याइतकं जवळ. गाडी बोलावलीच नाही. बायकांनी स्मशानात जायचं नसतं, असं कुणीतरी पुटपुटलं. आम्ही चपला घातल्या आणि निघालो.