राखणदार काढायचा की ठेवायचा

बातमी आली तेव्हा मी तिसरीच्या वर्गात फळ्यावर बेरजा मांडत होते. फुलंब्रीच्या पुढं आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. फोन यांचा होता. शाळेच्या वेळेत हे कधी फोन करत नाहीत, त्यामुळे हातातला खडू न ठेवताच उचलला. "संदीप गेला," एवढं म्हणाले, आणि मग जरा थांबून विचारलं, "तू डबा खाल्लास का?" सकाळचे साडेदहा वाजले होते. ते वाक्य त्या वेळी त्यांच्या तोंडून का आलं, ते मला आजही कळलेलं नाही. त्यांनाही कळलं नसेल.

संदीप भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. वय एक्केचाळीस. गारखेड्यात आमच्याच घरात, मागच्या खोलीत राहायचे. वाळूजच्या एका कारखान्यात तयार झालेले भाग तपासायचं काम होतं त्यांचं. हातात भाग घेतला की बोटानंच सांगायचे, चालेल की परत पाठवायचा. चार वर्षांपूर्वी एकदम दम लागायला लागला, सूज आली, आणि तपासणीत दोन्ही किडन्या जवळपास निकामी झाल्याचं निघालं. लग्न ठरत आलं होतं, ते तिथंच थांबलं. मग आठवड्यातून दोनदा डायलिसिस, संध्याकाळच्या पाळीत, चार-चार तास. यांची दुकानाची वेळ तीच, म्हणून मी शाळा सुटली की हर्सूलवरून थेट दवाखान्यात उतरायची.

पहिले काही महिने मी तिथं वह्या तपासायची आणि ते छताकडं बघायचे. एक दिवस म्हणाले, "वहिनी, तुमचा फोन द्या. एक खेळ टाकून देतो. मला जोडीदार पाहिजे." मला पत्त्यांचा एकही खेळ येत नव्हता. हा तर फोनवरचा, आणि त्यातले पत्ते राजा-राणीचे नव्हते. लढवय्ये, किल्ले, जादूगार असे शेकडो पत्ते, त्यातून तीस निवडून आपला संच बांधायचा. पत्ता टाकायला गुण लागतात आणि ते गुण डावात हळूहळू साठतात. दोघांनी मिळून एकच संच खेळायचा, जोडीनं, असाही एक प्रकार त्यात होता. आम्ही तोच खेळायचो. त्यांचा सुया टोचलेला हात हलवायचा नसायचा, म्हणून दुसऱ्या हातानं ते पत्ता दाखवायचे आणि त्यांच्याही फोनवर बोट माझंच चालायचं. पत्त्यांची नावं इंग्रजी. भाऊजींनी सगळ्यांचं बारसं मराठीत केलं. त्यातला एक राखणदार. तो समोर उभा असेपर्यंत बाकीच्यांना कुणी हात लावू शकत नाही. पण टाकायला पाच गुण. तेवढे साठेपर्यंत तो नुसता हातात पडून राहायचा.

दोन-तीन महिन्यांनी खेळात नवे पत्ते यायचे, की आमचा काथ्याकूट सुरू. कुठला काढायचा, कुठला ठेवायचा? भाऊजींचा हिशोब कारखान्यातला. "एका डावात वाचवलं म्हणून पत्ता चांगला ठरत नाय, वहिनी. बाकीच्या नऊ डावांत तो काय करत होता, ते बघा." या एका वाक्यानं त्यांनी माझे लाडके कितीतरी पत्ते बाहेर काढले. मी हळहळायची. ते हसायचे, "लई जीव लावता तुम्ही."

गेल्या वर्षी खेळ फार वेगवान झाला. समोरचे चौथ्या-पाचव्या फेरीतच डाव संपवायला लागले, आणि आमचा राखणदार हातातच राहून जायला लागला. मी म्हटलं, भाऊजी, याला काढू. तर म्हणाले, "त्याला हात लावायचा नाय." मी त्यांचाच नियम त्यांना ऐकवला. त्यांनी पुढचा डाव लावायला सांगितला. एकदा डायलिसिस चालू असताना त्यांचा रक्तदाब एकदम उतरला होता, सिस्टर धावल्या होत्या. त्या दिवशी शुद्ध नीट आल्यावर आम्ही अर्धवट राहिलेला डाव पुरा केला होता आणि तो राखणदारानं जिंकून दिला होता. पण हट्टाचं कारण तेच होतं का, हे मी कधी विचारलं नाही.

मग ती संध्याकाळ. भाऊजींना झोप लागली होती. जोडीच्या सामन्यांचा शेवटचा तास राहिला होता, एक डाव जिंकलो की आम्ही वरच्या गटात जाणार होतो. मी राखणदार काढला, एक हलका पत्ता घातला, दोन्ही फोन मांडीवर घेऊन एकटीच खेळले... आणि जिंकले. ते जागे झाल्यावर मी लहान मुलीसारखी फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी संच उघडून पाहिला. बराच वेळ पाहिला.

"माझ्या झोपेत काढला?"

"भाऊजी, जिंकलो ना आपण."

"सगळं माझ्या झोपेतच ठरवता तुम्ही लोक."

ते पत्त्याबद्दल बोलत नव्हते, हे मला त्याच क्षणी कळलं. आजाराच्या सुरुवातीला ते बारा दिवस अतिदक्षता विभागात होते. त्या बारा दिवसांत यांनी कारखान्यात जाऊन त्यांचा राजीनामा देऊन टाकला होता. आता त्याला जमणार नाही, उगाच आशा नको, असं यांचं म्हणणं. अर्ज मी लिहिला होता. माझं अक्षर चांगलं, म्हणून. खाली सहीऐवजी त्यांचा अंगठा घेतला, ते ग्लानीत असताना. घरी आल्यावर त्यांना कळलं, तेव्हा "बरं" एवढंच म्हणाले होते, आणि आम्ही दोघांनीही त्या "बरं"वर विश्वास ठेवला होता.

पुढचे दोन आठवडे ते माझ्याशी बोलले नाहीत. चार-चार तास शेजारी बसून मी वह्या तपासायची. एकाच मुलाची वही दोनदा तपासली तरी लक्षात यायचं नाही. मग एका सोमवारी त्यांनीच तोंड उघडलं. "राखणदार नाय लागत. बरोबर होतं तुमचं."

मी म्हटलं, "विचारायला पाहिजे होतं मी. तेव्हाही... आणि त्या अर्जाच्या वेळीही."

"व्हय," ते म्हणाले. "विचारायला पाहिजे होतं." त्यात राग नव्हता. सूटही नव्हती. मग म्हणाले, "लावा डाव." आम्ही दोन डाव खेळलो. बुधवारी सकाळी आंघोळ करून बाहेर आले आणि दारातच कोसळले.

सहा आठवडे झाले. मला एक गोष्ट स्वस्थ बसू देत नव्हती. "राखणदार नाय लागत" हे ते खरंच पटून म्हणाले, की मी बापुडवाणी दिसत होते म्हणून? भाजी चिरताना, जीपमध्ये, प्रार्थनेच्या रांगेपुढं उभी असताना, तेच. शेवटी गेल्या रविवारी दुपारी त्यांच्या खोलीत बसून त्यांचा फोन उघडला. खेळलेल्या डावांची यादी त्यात राहते. अबोल्याच्या त्या दोन आठवड्यांत भाऊजी रोज खेळत होते, एकटे. एक डाव राखणदारासह, एक त्याच्याशिवाय, पुन्हा एक त्याच्यासह... शिस्तीत, आलटून पालटून. मी कागद घेऊन मोजत बसले. दोन्हीकडचे निकाल जवळजवळ सारखे होते. उलट राखणदाराच्या बाजूनं एक-दोन विजय जास्तच होते.

मोजण्यात ते चुकणारे नव्हते. सगळं माहीत असूनही त्यांनी पत्ता जाऊ दिला होता. जागेपणी, स्वतः ठरवून. एवढं कळलं तरी मला बरं वाटेना. उठले, बसले, पुन्हा मोजलं. थकून सोडून दिला असेल का? की माझ्यासाठी? कागदावर ते कुठं लिहिलेलं नव्हतं.

हे दारात येऊन उभे होते. कधीपासून, कुणास ठाऊक. त्या खोलीत ते सहा आठवड्यांत आले नव्हते. मी त्यांना सगळं सांगितलं, पत्त्याचं, आणि "सगळं माझ्या झोपेतच ठरवता" हेही. ते कॉटच्या कडेला बसले. उशी अजून भिंतीला टेकवलेली होती, भाऊजी टेकवायचे तशी. तिच्यावरून हात फिरवत म्हणाले, "त्या कारखान्यातून नंतर फोन आला होता. बसून करायचं काम आहे, बरा झाला की पाठवा, म्हणाले. मी त्याला सांगितलंच नाही."

हे मलाही माहीत नव्हतं.

त्यांनी फोन हातात घेतला. पत्ते डोळ्यांजवळ नेऊन एकेक बघितले. "यातला तो कोणता?" मी दाखवला. "आता काढायचा का ठेवायचा?"

"तुम्ही सांगा," मी म्हटलं.

"मला कळत नाय यातलं. ठेव."

"पाच गुण साठेपर्यंत टिकावं लागतं. तुम्ही नवे, हरू आपण."

"हरू."

पहिला डाव हरलो. दुसराही हरलो; राखणदार हातात तसाच राहिला. यांनी चष्मा काढून पुसला, पाय वर घेतले, भिंतीकडं सरकून मला जागा करून दिली आणि म्हणाले, "पाच गुण साठायला किती वेळ लागतो, ते मला नीट सांग."