काकूंचे चोझामे

"मला त्यातलं काही कळत नाही," असं म्हणून काकू कामाला लागत. शेजारच्या बाळाचा ताप असो, बंद पडलेलं वॉशिंग मशीन असो, नाहीतर कचरा वेगवेगळा करायचे नागोयाचे किचकट नियम असोत. आधी हे वाक्य यायचं आणि मग ओढणी कमरेला गुंडाळली जायची. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल.

मी लग्न होऊन जपानात नागोयाला आले तेव्हा पुण्या-मुंबईची आयटीतली मुलं भराभर तिथे येत होती आणि त्यांच्या मागोमाग आम्ही बायका. काका-काकू आमच्या कितीतरी आधीचे. काका मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होते. शहराच्या कडेला त्यांनी एक जुनं लाकडी घर भाड्याने घेतलं होतं. मागे अंगण, अंगणात विहीर आणि एक कोरडं पडलेलं तळं. आम्ही पलीकडच्याच इमारतीत राहायचो.

काकांना ते कोरडं तळं बघवेना. ते साफ करून, पाणी भरून झाल्यावर एका रविवारी आम्ही चौघं शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात गेलो. काका रंगीत कोई मासे घेतील असं आम्हाला वाटलं होतं. पण ते एका कोपऱ्यातल्या टाकीपाशी थांबले. आत वीतभर लांबीचे राखाडी मासे होते. पाठीवर हाडांच्या टोकदार चकत्यांची रांग, लांबट नाक, नाकाखाली मिशा. स्टर्जन. जपानीत त्याला चोझामे म्हणतात.

दुकानदार बराच वेळ काहीतरी समजावत होता. काकूंचं जपानी तेव्हा बेताचंच होतं.

"काय म्हणतोय तो?"

"हातभर होतात म्हणतोय," काका म्हणाले.

"मग दोन्ही हात पसरून का दाखवतोय?"

"त्यांच्यात हातभर असंच दाखवतात."

माझ्या नवऱ्याला हसू आवरेना, म्हणून तो पलीकडची कासवं बघायला गेला. काकांनी तीन मासे घेतले.

काकू पक्क्या शाकाहारी. माशांच्या खाद्याचा वास घरात नको म्हणून ती पिशवी गाडीच्या डिकीत राहायची. तळ्याकडे त्या फिरकायच्या नाहीत. काका मात्र ऑफिसातून आले की बूटही न काढता आधी मागे जात. चोझामे तळाशी फिरतात, मिशांनी चाचपून खातात, त्यांना दात नसतात, हे सगळं आम्हाला चहाबरोबर ऐकावं लागे. काकू आतून म्हणत, "दात नसलेल्या माझ्या आईचंसुद्धा एवढं कौतुक कधी केलं नाहीत."

मासे खरंच हातभर झाले आणि मग त्याच्याही पुढे गेले. तिसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात काका ऑफिसात खुर्चीवरून उठता उठता कोसळले आणि गेले.

टोकियोहून त्यांचा मुलगा आला. तो तिथे कॉलेजात शिकत होता. इथेच वाढलेला. आईने मराठीत विचारलं की तो जपानीत उत्तर द्यायचा. त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं, ऑफिसातले लोक काळ्या कपड्यांत ओळीने बसलेले, आणि काकू एकदम उठून मागच्या दाराने बाहेर गेल्या. मी त्यांच्यामागे गेले. त्या गाडीची डिकी उघडून उभ्या होत्या.

"सकाळपासून कुणी घातलंच नाही त्यांना," त्या म्हणाल्या. "किती घालतात गं?"

मलाही माहीत नव्हतं. त्यांनी अंदाजाने मूठभर टाकलं. दाणे तळाशी गेले, तीन सावल्या त्यांच्यावरून हळूच फिरल्या, आणि काकू तिथेच तळ्याच्या दगडावर बसल्या. त्या रडल्या त्या तेव्हा.

अस्थी घेऊन त्या सांगलीला भावाकडे गेल्या. आम्ही माशांना खायला घालत होतो आणि घरातलं सामान कसं पाठवायचं याचा विचारही करत होतो. काकू परत येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. पण त्या आल्या. विमानतळावरून येताना गाडीत माझ्या नवऱ्याने भीत भीत विचारलं, "काकू, इथे एकट्या राहणार तुम्ही?"

"माझ्या भावाचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे," त्या म्हणाल्या. "मासे कुठे टाकू?"

कायमचं राहण्याचा परवाना त्यांना पूर्वीच मिळाला होता. त्यांनी बेन्तो, म्हणजे जेवणाचे डबे भरणाऱ्या कारखान्यात पार्टटाइम काम धरलं. खाद्याची पिशवी डिकीतून स्वयंपाकघरात आली, पोह्यांच्या डब्याशेजारी. तळ्यात शेवाळाच्या दोऱ्या वाढल्या तर चोझामे त्यात अडकतात, त्यांना धड मागे सरकता येत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे; पण रोज बांबूने त्या शेवाळ काढायच्या. नागोयाचा उन्हाळा माशांच्या जिवावर यायचा. पाणी तापलं की मासे वर येऊन तोंडं उघडायला लागत. काकू विहिरीचं गार पाणी पंपाने उंचावरून सोडायच्या आणि पाण्यावर सावलीला जुन्या साड्या बांधायच्या. "मला त्यातलं काही कळत नाही, पण यांना उकडतंय," असं म्हणायच्या.

तरी एका उन्हाळ्यात तिघांतला एक गेला. सकाळी तो पोट वर करून तरंगत होता. काकूंनी त्याला काकांच्या पांढऱ्या टॉवेलमध्ये गुंडाळलं. आम्ही अंगणात खड्डा खणला. मुलगा सुट्टीवर आला होता, त्याने खड्ड्यापाशी उभं राहून हात जोडले. काकू त्याला म्हणाल्या, "बाबांनी आणला तेव्हा एवढासा होता," आणि वीतभर माप दाखवलं.

पुढे घरमालकाने घर पाडायचं ठरवलं. अर्धं शहर शोधलं तरी तळं असलेलं भाड्याचं घर मिळेना. दुकानदार एवढे मोठे मासे परत घेईना, आणि नदीत सोडणं बरोबर नव्हतं. शेवटी कुणीतरी डोंगरातल्या एका मत्स्यपालन केंद्राचं नाव सांगितलं. मी काकूंना घेऊन तिथे गेले. झऱ्याचं थंड पाणी, सिमेंटचे लांब हौद, आणि हौदांत शेकडो चोझामे. मालक साठीचा, कमी बोलणारा.

काकूंनी मोडक्या जपानीत सरळ विचारलं, "तुम्ही यांना मारता?"

"हो," तो म्हणाला. "अंड्यांसाठी आणि मांसासाठी. माझं पोट त्यावरच आहे. तुमचे दोन मी वेगळे ठेवीन. पण माझ्यानंतर मुलगा काय करेल, ते मी सांगू शकत नाही."

काकूंनी हौदाच्या काठाशी जाऊन वाकून पाण्यात पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, चल परत. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे खायला घालायला माणूस लागतो का?"

त्याने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. लागत होता. तरुण पोरं डोंगरात टिकत नव्हती.

आम्ही सगळ्यांनी समजावलं. त्यांचा मुलगा फोनवर चिडला. पण काकू दोन मासे आणि चार खोके घेऊन केंद्रामागच्या छोट्या खोलीत राहायला गेल्या.

वर्षभराने आम्ही भेटायला गेलो. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, पंजाबी ड्रेसवर जाड प्लास्टिकचा एप्रन. मालक त्यांना काकू-सान म्हणत होता. त्याला ते नावच वाटलं असावं. मी विचारलं, "काकू, इथे जे चालतं त्याचा त्रास नाही होत?"

"होतो ना. कापायच्या आधी त्यांना काही दिवस उपाशी ठेवतात. ते बघवत नाही. तेव्हा मी वरच्या हौदांकडे जाते." मग म्हणाल्या, "पण बाकीचे दिवस त्यांना मीच घालते. वेळेवर घालते. ह्यांनी घातलं असतं तसं."

काकू आता नाहीत. आम्ही पुण्याला परतल्यावर काही वर्षांनी, त्याच डोंगरात, झोपेतच गेल्या. त्यांच्या मुलाने फोन केला होता. तो तिथेच होता शेवटचे काही दिवस. तळ्यातले ते दोन मासे मालकाने ठेवले आहेत, असं तो म्हणाला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते भारतात परतण्याआधी निरोप घ्यायला गेले तेव्हा. धुकं विरत होतं. केंद्राजवळच्या बसथांब्यापर्यंत त्या आल्या, माझ्या हातात लाडवांचा डबा दिला, आणि बस दिसताच म्हणाल्या, "जा आता, मला उशीर होतोय." त्या वळल्या. बस सुटून, वळसा घालून हौदांच्या अगदी वरच्या रस्त्यावर आली तेव्हा मी काचेतून खाली पाहिलं. काकू हौदाच्या काठावर ओणवून, बाही वर सारून, एक हात कोपरापर्यंत पाण्यात घालून बसल्या होत्या. पाण्याखालून एक लांब राखाडी पाठ त्यांच्या हाताला घासून सावकाश पुढे गेली.